ब्याण्णव चिंचोके

माझे तीनशे चाळीस पॉइंट मेले. कल्याणच्या एका मोठ्या चकचकीत दुकानात काउंटरवरच्या मुलीने माझं कार्ड मशीनला लावलं, पडद्याकडे पाहिलं आणि इतक्या गोड आवाजात ही बातमी दिली की मला आधी वाटलं, काही बक्षीसच लागलं. "मॅडम, वर्षभर तुमची खरेदी नाही ना, म्हणून पॉइंट संपलेत." मी म्हटलं, "संपले म्हणजे? मी वापरलेच नाहीत तर संपतील कसे? दूध आहे का नासायला?" मागे रांग लागली होती. सोबतच्या भाचीने माझा दंड दाबला. पण उभा जन्म शाळेत घालवलेल्या बाईला गप्प करणं सोपं नसतं. मी त्या पोरीला चांगली पाच मिनिटं ऐकवली, आणि ती बिचारी "सिस्टीम आहे मॅडम, सिस्टीम आहे" एवढंच म्हणत राहिली.

शहापूरला घरी येईपर्यंत राग उतरला आणि त्याच्या जागी टोकावड्याचे शेठ येऊन बसले. त्यांच्या दुकानात पॉइंट कधी संपले नाहीत. फार तर त्यांना किडे लागायचे.

मुरबाडहून माळशेज घाटाकडे जाताना टोकावडे लागतं. तिथल्या शाळेत मी अकरा वर्षं शिकवलं आणि अकराही वर्षं शेठच्या दुकानामागच्या खोलीत भाड्याने राहिले. शेठ म्हणायचं ते आपलं म्हणायचं. मूळचे भातशेतीच्या घरातले, थोरल्या भावाशी पटेना म्हणून रस्त्याला दुकान टाकून बसलेले. त्यांचं खरं नाव मी लिहीत नाही. लिहिलं तर वरून ओरडतील, "बाई, फुकटची जाहिरात नको."

अंगाने काडी. भर मे महिन्यातही कानाला मफलर, कारण माणसाची ताकद कानातून जाते असा त्यांचा पक्का समज. चहा कपातून कधी प्यायले नाहीत, बशीतूनच. आणि बशी तोंडाला लावली असताना दुकानात प्रत्यक्ष कलेक्टर आला असता तरी त्याला उभं राहावं लागलं असतं. दुकानात साबण, चहापत्ती, तेल, काडेपेट्या, सुंभ, कंदिलाच्या काचा. आणि अगदी वरच्या फळीवर स्टीलची भांडी, रोज पुसून लख्ख केलेली. घासाघीस त्यांना मुळीच खपत नसे. कोणी "आठ आणे कमी करा की" म्हटलं, की शेठ बरणीचं झाकण लावायचे आणि भिंतीकडे तोंड करून बसायचे. गिऱ्हाईक "बरं बरं, राहिलं" म्हणेपर्यंत वळायचे नाहीत. एकदा एक पाहुणा हट्टाला पेटला आणि शेठ पाऊण तास भिंतीकडे बघत होते. शेवटी पाहुण्याची गाडी आली म्हणून तो गेला.

गाडीवरून आठवलं. दुकानासमोर त्यांनी बाकडं टाकलं होतं आणि तिथे बसून सगळा गाव एसटीची वाट बघे. शेठ प्रत्येक गाडीची वेळ दहा मिनिटं आधीची सांगायचे. मुद्दाम! कोणाची गाडी चुकू नये म्हणून. त्यामुळे त्यांच्या हयातीत टोकावड्यात एकाचीही एसटी चुकली नाही आणि एसटी वेळेवर आली असंही कोणी कधी म्हटलं नाही. एकदा ड्रायव्हर येऊन त्यांच्याशी भांडायला लागला, तर त्याला बिस्कीट देऊन म्हणाले, "तुजं नाव खराब झालं तर झालं, म्हातारी तर पोचली ना हास्पिटलात?"

आता चिंचोके. भाव कमी करायचा नाही, पण रोजच्या माणसाला काहीतरी द्यायला पाहिजे, म्हणून त्यांनी स्वतःच्या डोक्याने ही योजना काढली होती. बाजार केला की एक चिंचोका. कितीही घ्या, काडेपेटी घ्या नाहीतर महिन्याचं सामान, एका दिवसाला एकच. पंचवीस चिंचोक्यांना तांब्या, शंभराला हंडा. चिंचोके त्यांच्याच परसातल्या चिंचेचे, एका पत्र्याच्या डब्यात ठेवलेले. गिऱ्हाइकाने स्वतःच्या हाताने डब्यातून एक उचलायचा आणि आपल्या पिशवीत टाकायचा. शेठ हात लावत नसत. "माज्या हातानं घातला तर एकाला दोन जातील, दुसऱ्याला अर्दा," म्हणायचे.

पिशव्या दुकानातच भिंतीवर खुंट्यांना टांगलेल्या असत. प्रत्येकाने आपल्या घरातल्या जुन्या कापडाचा तुकडा आणायचा, शेठच्या बायकोने, म्हणजे काकींनी, त्याची वीतभर पिशवी शिवायची. नाव नाही, नंबर नाही, वही नाही. निम्म्या गिऱ्हाइकांना वाचता येत नव्हतं, पण आपल्या सासूच्या लुगड्याचा काठ कोण विसरेल? माझी पिशवी माझ्या फाटलेल्या जांभळ्या साडीची होती. शेठ नव्या गिऱ्हाइकाला एकच नियम सांगत, बोट नाचवून: "दुसऱ्याच्या पिशवीत हात घालायचा नाय."

भानगड अशी, की माणसं येईनाशी झाली तरी पिशव्या उतरत नव्हत्या. कोणी कल्याणला कंपनीत लागलं, कोणी लेकाकडे राहायला गेलं. आणि गावाबाहेरच्या वाडीतले लोक तर दिवाळी झाली की वीटभट्टीवर जात ते पावसाच्या तोंडाला परतत, कधी दोन-दोन वर्षं परततच नसत. पिशव्या धूळ खात लोंबत राहायच्या. चिंचोक्यांना भोकं पडायची, उंदीर यायचे. दर उन्हाळ्यात शेठ एकेक पिशवी उतरवून ओटीवर ओतायचे, किडका चिंचोका बाजूला काढायचे, त्याच्या जागी चांगला घालायचे. एकाला एक. तेवढ्यासाठी मात्र स्वतःचा नियम मोडायचे. "हा हात घालणं नव्हं, हे औषीदपानी," असा त्यावर खुलासा.

काकींचा ह्याला सक्त विरोध. "वर्सभर जो आला नाय त्याची पिशवी उतरवा. खुंट्या संपल्या माज्या. मेल्यांनी दुसरं दुकान धरलं आसंल आनि तुमी त्यांचे किडे निवडताय!" बाकड्यावर ह्या विषयावर रोज सभा भरे. आणि मी, खरं सांगते, काकींच्या बाजूची होते. शेठना म्हटलं, "अहो, शाळेत सुद्धा पोरगं सतत गैरहजर राहिलं की आम्ही पटावरून नाव कमी करतो. त्याशिवाय कारभार चालेल कसा?"

शेठनी बशी खाली ठेवली. "आनि मंग ते पोर आलं तर?"

"पुन्हा दाखल करतो."

"तवर त्याला काय सांगता? तू हितला नव्हंस म्हनून?"

मी चिडले. म्हटलं, "शेठ, तुम्हाला शाळेतलं काही कळत नाही." ते म्हणाले, "नाय कळत. म्हनून तर दुकान टाकलं." आणि परत बशी उचलली.

वाडीत सोमी म्हणून एक बाई होती. हिरव्यावर पिवळी फुलं, ही तिच्या पिशवीची खूण. मुलीच्या झबल्याचं कापड. सोमीला हंडा हवा होता. तिच्या घरात पाण्याला जुना मातीचा माठ आणि एक पत्र्याचा डबा. पोरीच्या लग्नात पोरीला शेठच्या फळीवरचा हंडा द्यायचा, हे तिने कधीच ठरवून टाकलं होतं. दर वेळी चिंचोका टाकला की मान वर करून फळीकडे बघायची आणि म्हणायची, "हाय ना रं बाबा तू? ऱ्हा तितंच." हंड्याशी बोलायची! आठवड्याला एक, कधी दोन. वर्षातले निम्मे महिने भट्टीवर. शंभर व्हायला किती वर्षं लागणार, तुम्हीच बघा. एका दिवाळीनंतर ती गेली ती पुढच्या पावसात आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. तिची मुलगी माझ्या सातवीच्या वर्गात होती. तिचं नाव मीच लाल शाईने कमी केलं.

आता माझं पाप सांगते. शेठ दर पौषात म्हशाच्या जत्रेला तीन दिवस जात. घरात एक शेपूट नाही, पण बैल बघायला जायचेच आणि परत येऊन गावातल्या प्रत्येक बैलाला नावं ठेवायचे. तर ते जत्रेला गेलेले असताना काकींनी कंबर कसली. "बाई, या जरा हात लावायला," म्हणून मला बोलावलं आणि आम्ही दोघींनी वर्षानुवर्षं न आलेल्यांच्या अकरा पिशव्या उतरवल्या. किडके चिंचोके उकिरड्यावर. चांगले निघाले ते एवढे होते की काकी म्हणाल्या, टाकायचे कशाला? चुलीवर कढईत खमंग भाजले, साली काढल्या, आणि त्या थंडीत परसात उन्हाला बसून आम्ही ते दोन दिवस कडाकडा चावले. मीठ लावून. काय सुंदर लागले म्हणून सांगू!

शेठ आले. मफलर सोडला, खुंटीला अडकवायला हात वर केला आणि तसेच थांबले. कधी नव्हे ती खुंटी रिकामी मिळाली होती. त्यांनी सगळ्या भिंतीवरून नजर फिरवली. मग परसात गेले, तिथे सालींचा ढीग. मला हाक मारली नाही, ओरडले नाहीत. नुसतं विचारलं, "बाई, सोमीचे पन?"

मी मान डोलावली. त्या दिवशी ते जेवले नाहीत. माणूस ओरडला असता तर मी दोन शब्द उलट बोलून मोकळी झाले असते. ह्या न बोलण्याने मला चांगलंच झोडपलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी चुलीपाशी कढई उतरवायला घेतलेली हिरवी-पिवळी चिंधी शोधून काढली. तीच सोमीची पिशवी. धुतली, वाळवली, रिकामीच खुंटीला लावली. बाकीच्या दहाही तशाच. आणि बाकड्यावर जाहीर केलं: ह्या अकरातला कोणी आला तर त्याने सांगावं तो आकडा. काकींनी कपाळावर हात मारला. "सगळे शंभरच सांगनार की!"

"सांगू दे."

आणि सांगितलाच एकाने. कल्याणला कंपनीत लागलेला एक गडी सणाला आला, बाकड्यावर त्याला ही खबर लागली, आणि जेमतेम वीस चिंचोके असतील-नसतील तो छाती काढून म्हणाला, "शंभर व्हते, शेठ." शेठनी उठून फळीवरचा हंडा काढून दिला. गडी हंडा घेऊन पसार. काकींनी पुढे कितीतरी वर्षं त्या गड्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. शेठनी एवढंच केलं, की राहिलेल्या हंड्यांतला एक, जुन्या घडणीचा, रुंद बुडाचा, खाली काढून देवाच्या फळीखाली ठेवला. तो विकायचा नाही. लग्नसराईत लोक तोच मागायचे, तसली घडण पुढे यायची बंद झाली तेव्हा तर जास्तच. शेठ म्हणत, "गेलेला हाय."

मला चैन पडेना. एकदा दुकानात दुसरं गिऱ्हाईक नाही बघून माझ्या वाट्याचा चिंचोका मी हळूच सोमीच्या पिशवीत टाकला. शेठ भिंतीकडे तोंड करून बसले होते. न वळता म्हणाले, "बाई, काढा तो. दुसऱ्याच्या पिशवीत हात घालायचा नाय." मी मुकाट्याने काढला.

सोमी आली ती सहा वर्षांनी. शनिवार होता, सकाळची शाळा सुटून मी चहापत्ती घ्यायला दुकानात उभी होते. पायरीखाली एक बाई, केस अर्धे पिकलेले, आणि मागे एक उंच मुलगी. शेठनी डोळे बारीक केले. "कोन गो? सोमी ना तू?"

"हां शेठ. लई लांब घिऊन गेले व्हते मुकादम, यायलाच गावलं नाय. पंदरा दिसांनी पोरीचं लगीन हाय. म्हटलं, बघून तरी यावं, पिशवी हाय का गेली."

"ती बघ."

सोमीने खुंटीकडे पाहिलं आणि तिचा चेहरा असा काही फुलला की मला तिथून पळून जावंसं वाटलं. ती वर आली, पिशवी हातात घेतली, आणि दाबून बघितली. रिकामी. तिने आधी शेठकडे पाहिलं, मग माझ्याकडे. शेठ काही बोलायच्या आत मीच बोलून टाकलं. "सोमी, तुझे चिंचोके मी खाल्ले. तू येणार नाहीस असं वाटलं मला."

"खाल्ले?" सोमी म्हणाली. "भाजून?"

"भाजून."

आणि ती पदर तोंडाला लावून जी हसायला लागली! तिची मुलगीही हसली आणि म्हणाली, "बाई, मला वळखलं का?" मी कशी ओळखणार नाही? सगळ्यात आधी मला तिच्या नावावरची लाल रेघ आठवली.

शेठ मात्र हसले नाहीत. त्यांनी देवाच्या फळीखालचा हंडा काढला, मफलरच्या टोकाने पुसला आणि पुढ्यात ठेवला. "सोमी, किती व्हते गो तुजे?"

"नव्वदावर दोन."

शेठनी पुन्हा विचारलं, "नीट आठव. शंभर व्हते ना?"

"नाय शेठ. आठ ऱ्हायले व्हते. भट्टीवर जाताना मी मोजलं ना."

आतून काकी, ज्यांनी ह्या पिशव्यांवर उभा जन्म आग पाखडली त्या काकी, दाराशी येऊन ओरडल्या, "अगो मेले, शंभर म्हन की!"

"खोटं कशाला म्हनू, काकी? पोरीच्या लग्नात द्यायचाय." आणि सोमीने हंड्यावरून एकदा हात फिरवून हात मागे घेतला. पंधरा दिवसांवर लग्न, आणि तिचा मुक्काम चार दिवसांचा. रोज एक धरला तरी चारच. वरून लग्न मुलाकडे, लांब. शेठना फुकट देता येईना, तो त्यांचा नियम. सोमीला खोटं बोलता येईना. दोघं एकमेकांकडे बघत बसले. मी म्हटलं, "शेठ, माझ्यातले आठ घ्या, मी देणं लागते." त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. उठले आणि भिंतीकडे तोंड करून बसले.

बराच वेळ गेला. मग भिंतीलाच विचारल्यासारखं विचारलं, "सोमी, तितं भट्टीवर साबन-काडी कुटं घेत व्हतीस?"

"तितंच. मुकादमाच्या मानसाकडं."

"घेताना ह्या दुकानाची आठवन झाली का कदी?"

"ही काय इचारायची गोष्ट? झाली की."

शेठ वळले. "आठ येळा झाली आसंल?"

"आठ? लई येळा, शेठ."

"लई नको. आठच." त्यांनी पत्र्याचा डबा पुढे सरकवला. "घाल तुज्या हातानं."

सोमीने एकेक चिंचोका उचलला आणि त्या रिकाम्या पिशवीत टाकला. मोजत मी होते, मोठ्याने, वर्गात मोजते तसं. आठवा पडला आणि मी म्हटलं, "शंभर." काकी पदराने डोळे पुसत शेठना म्हणत होत्या, "आता पिशवी तरी उतरवा." सोमीने काडेपेटी विकत घेतली, त्या दिवसाचा हक्काचा नववा चिंचोका घातला आणि म्हणाली, "हा नव्या हंड्याचा. ऱ्हाऊ दे तितं." हंडा लेकीच्या डोक्यावर देऊन दोघी चालू लागल्या. सोमवारी मी हजेरी घेतली तेव्हा वाडीतली चार नावं, जी कमी करायला काढली होती, ती तशीच ठेवली. त्याबद्दल वरिष्ठांकडून मला विचारणा झाली. मी म्हटलं, बाहेरगावी गेलीत, येतील.

पुढच्या वर्षी माझी शहापूरला बदली झाली. निघताना माझ्या जांभळ्या पिशवीत एकसष्ट चिंचोके होते. शेठ म्हणाले, "ऱ्हाऊ द्या, बाई. तुमची हाय." येते महिन्याभरात, असं सांगून मी निघाले. कसली जाते! शाळा, घर, आईचं आजारपण. शेठ गेल्याचं कळलं तेव्हा परीक्षा चालू होती. तेव्हाही गेले नाही. ह्याची लाज वाटते, ती लपवत नाही.

कल्याणच्या त्या दुकानात भांडून आले त्याच्या दुसऱ्या रविवारी मात्र मी मुरबाडची गाडी पकडली आणि तिथून टोकावडे. दुकान बंद, पुढची फळी अर्धी उघडी, काकी आत तांदूळ निवडत बसलेल्या. वाकल्या होत्या. मला बघून म्हणाल्या, "आलात? बसा. चा ठेवते." मी भिंतीकडे पाहिलं. एकही पिशवी उतरलेली नव्हती. हिरवी-पिवळी होती. जांभळीही होती.

मी पिशवी काढली तर ती चांगली जड लागली. मांडीवर ओतून मोजले. एकशे चौतीस. पुन्हा मोजले. म्हटलं, "काकी, हे माझे नाहीत. माझे एकसष्ट होते."

काकी चुलीपाशी होत्या. म्हणाल्या, "शाळेची घंटा झाली की कदीमदी एखादा टाकायचे. म्हनायचे, आज बाईंनी आठवन काढली आसंल. मी म्हटलं, दुसऱ्याच्या पिशवीत हात घालायचा नाय ना? तर भिंतीकडं तोंड करून बसायचे." आणि त्यांनी फळीवरचा एक हंडा काढून माझ्यापुढे ठेवला.

मला रडू आवरेना. "काकी, नको. तेवढ्या वेळा मी आठवण काढली नव्हती हो."

"ठावं हाय मला," काकी म्हणाल्या. "हंडा घरी न्या आनि ऱ्हायलेली तितं काढा."

वरचे चौतीस उरले ते मी परत पिशवीत भरले आणि पिशवी तिच्या खुंटीला लावली. परतीच्या गाडीत हंडा मांडीवर धरून बसले होते. काकींनी गाडीची वेळ साडेचारची सांगितली होती. गाडी दहा मिनिटं उशिरा आली.